व्हॉल्व्ह मेले

माणसाने किती उंच जायचं हे ठरवण्याआधी परत खाली कसं यायचं हे ठरवून ठेवावं. उचलणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. परत आणणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

हे मी एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. खाली तारीख घातली नव्हती, कारण विचार कालातीत वाटावा अशी इच्छा होती. वाचताना तो माणसाच्या आयुष्याबद्दल वाटतो. प्रत्यक्षात तो शंभर सीसीच्या मोटरसायकलीतल्या कॅमशाफ्टबद्दल आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगबद्दल आहे. लिहिला तेव्हा यांपैकी एकही वस्तू मी हातात धरलेली नव्हती.

मोटरसायकल माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची. ते टेलिफोन खात्यात असताना त्यांनी ती घेतली आणि जयनगरातलं घर ते ऑफिस एवढ्याच रस्त्यावर तिचं तारुण्य घालवलं. गेल्या वर्षी ती धूर सोडायला लागली. सिग्नलला थांबली की मागचे रिक्षावाले तोंडावर रुमाल धरायचे. हैदराबादेत असणाऱ्या अण्णांच्या मुलीला एवढं निमित्त पुरलं. वय सत्तरीला टेकलंय, फोनवर बोट ठेवलं की दारात गाडी येते, मग हा हट्ट कशाला? बराच वाद झाला आणि शेवटी अण्णांनी तिला शब्द दिला: एकदा इंजिन उघडून नीट करून घेतो, त्यानंतर ते पुन्हा बिघडलं तर गाडी भंगारात आणि मी रिक्षात. अण्णा दिलेला शब्द पाळतात. घरातल्या बाकीच्यांना याची नेहमीच अडचण झाली आहे.

हे इंजिन त्यांनी माझ्या स्वाधीन केलं, कारण मी वाचतो. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासतो. इतरांच्या चुका शोधण्यात तीस वर्षं गेली की आपल्या हातून चूक होत नसते असा एक समज होतो. घरच्यांचाही तसाच समज होता, फक्त इतर बाबतींत. अण्णांची अट एकच होती.

"होती तशी परत दे," ते म्हणाले. "स्वल्प धूर कमी झाला की पुरे."

पण मी वाचायला लागलो होतो.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमचं घराणं तीनचारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे बंगळुराला आलं. ते कोणाबरोबर आणि कशासाठी आलं, यावर ज्ञातीच्या सभेत दर वर्षी भाषणं होतात. मी मागच्या रांगेत बसतो आणि प्रत्येक वक्त्याचा पूर्वज दर वर्षी एकेक हुद्दा कसा चढतो याची नोंद ठेवतो. एकाचे पूर्वज यंदा किल्लेदार झाले. दोन वर्षांपूर्वी ते घोड्यांना चारा घालत होते. शाल, श्रीफळ, खोल आवाज, "आपल्याला ठाऊकच असेल की" अशी सुरुवात, या सगळ्याची मी उत्तम नक्कल करतो. अशा माणसाला कॅमच्या लिफ्टने गाठावं यात न्याय आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे पोट सुटलेला दांडा. तो फिरतो, त्याचं पोट एका दांडीला ढकलतं, दांडी व्हॉल्व्हला ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा-पेट्रोल आत येतं. पोट पुढे गेलं की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत मिटवते. व्हॉल्व्ह किती उघडतो, त्या मापाला लिफ्ट म्हणतात. पोट मोठं केलं, म्हणजे घासणाऱ्याकडून कॅमचा आकार बदलून घेतला, की लिफ्ट वाढते, हवा जास्त येते, जोर वाढतो. दार जास्त उघडलं की माणसं जास्त आत येतात, हा तर्क लग्नाच्या हॉलइतका सोपा आहे. दार कितीही उघडलं तरी पुढचा जिना तेवढाच अरुंद राहतो, हा भागही मी वाचला होता. फक्त दुसऱ्यांदा वाचला नाही.

शर्यतीची इंजिनं बांधणारे लोक अर्ध्या मिलिमीटर लिफ्टवर महिनोन्‌महिने वाद घालतात. ते वाद वाचता वाचता मी त्यांच्यातला झालो. मल्लेश्वरमला एका बारशाला गेलो असताना पाळण्यापासून चार हातांवर उभा राहून मी लिफ्टबद्दल बोललो. आवाज खोल होता. "आपल्याला ठाऊकच असेल की" असंही म्हणालो असेन. एका मावशींचा समज झाला की आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे. त्यांनी सहानुभूतीने स्वतःच्या लिफ्टवाल्याचा नंबर दिला. मी तो लिहून घेतला, कारण मधेच थांबून समजावून सांगितलं असतं तर माझ्या भाषणाचा ओघ तुटला असता.

अण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं, धूर थांबवायला पिस्टनच्या रिंगा बदलल्या जात आहेत. रिंगा बदलल्या जाणारच होत्या. त्याबरोबर एक टेलिफोन खात्याच्या गतीची मोटरसायकल शर्यतीची होणार होती, हे त्यांना चालवल्यावर कळावं असा बेत होता.

काम मार्केटमागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींकडे होतं. ते निपाणीकडचे, बंगळुरात चाळीस वर्षं झालेली. गाळा एवढासा, खाली लेथ आणि वस्तू आवळून धरणारा वाईस, डोक्यावर फळ्यांचा माळा. ते मार्केटशी कानडी बोलतात, पार्टवाल्याशी हिंदी आणि माझ्याशी मराठी. मी दुसरा एक कॅम घासणाऱ्याकडून मोठ्या पोटाचा करून आणला होता; तो पुढे ठेवून लिफ्ट वाढवायची म्हटल्यावर त्यांनी हात पुसले.

"अण्णा इंजिन किती फिरवत्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, प्रश्न तो नाही, इंजिनात राखीव ताकद असावी.

"व्हय की," ते म्हणाले. "दोर लांब असला म्हणून घागर मोठी हुती का, सर?"

मग त्यांनी स्प्रिंगचं सांगितलं, आणि ते माझ्या वहीतल्या पहिल्या पानापेक्षा बरंच सरळ होतं. स्प्रिंग नरम असली तर इंजिन जोरात फिरल्यावर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, मधेच तरंगतो, आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. फार कडक असली तर ती कॅमचं पोट घासून सपाट करते आणि इंजिनाचा थोडा जोर स्वतःच खाते. लिफ्ट वाढवली की तिसरी भानगड. स्प्रिंग आधीपेक्षा जास्त दाबली जाते, आणि वेटोळ्याला वेटोळं टेकलं की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडी खुंटा होतो. कॅम तर फिरायचं थांबत नाही. मग मधलं काहीतरी वाकतं.

"पूर्ण दाबल्यावर बी मधी एक मिलिमीटर सोडायचं," ते म्हणाले. "सोयऱ्यात सोडतो तसं."

त्यांनी दोन प्रकारच्या स्प्रिंगा माझ्यापुढे ठेवल्या. एक साधी, दुसरी एकात एक दोन स्प्रिंगांची, जास्त कडक, वरून लाल रंग दिलेली. मी लाल घेतली. कारण विचारलं असतं तर मी दहा मिनिटं बोललो असतो. त्यांनी विचारलं नाही. स्प्रिंग उजेडात धरून ते म्हणाले, "रंग चांगला हाय," आणि वाईसकडे वळले.

ती वाईसमध्ये पूर्ण दाबून वेटोळी टेकल्यावर उंची किती राहते ते मोजायचं, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं. पण मी बारीक मापं घेणारा नवा व्हर्नियर घेतला होता. तो पेटीतून काढायला प्रसंग मिळत नव्हता. मी म्हणालो, हे माप मी घरी घेतो. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग एक लाल स्प्रिंग वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

चामराजपेटेतल्या आमच्या घरात वाईस नाही, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं. हाताने दाबून पाहिली. स्प्रिंगने दाद दिली नाही. मग फडताळात पितळी सोऱ्या दिसला, चकलीचा, वरून मळसूत्राने फिरवायचा. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सोऱ्या आणि वाईस यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक एवढाच आहे की वाईसमधली वस्तू दिसते.

मी स्प्रिंग सोऱ्यात घातली आणि फिरवायला लागलो. सुरुवातीला सोपं गेलं, नंतर सोऱ्या कण्हल्यासारखा वाजला. आत स्प्रिंग सरळ दाबली जातेय की तिरकी झालीय, कळायला मार्ग नव्हता. व्हर्नियर घालायला जागाही नव्हती. खालच्या ताटलीच्या चांदणीतून स्प्रिंगचा लाल रंग तेवढा दिसत होता. बायको पुण्याची आहे, कमी बोलते. ती दारात उभी राहून काही वेळ बघत होती.

"चकल्या कधी होतील?" तिने विचारलं.

मी आणखी अर्धा फेरा दिला तेव्हा मळसूत्राचा आटा गेला. स्प्रिंग निघायला पाऊण तास लागला. सोऱ्या पुन्हा कधी चकलीच्या कामाला आला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना तोंड दाखवून म्हणायला हवं होतं की जमलं नाही. त्याऐवजी मी वही उघडली आणि इंटरनेटवर त्याच लाल रंगाच्या एका स्प्रिंगखाली दिलेला आकडा उतरवला. मग फोन केला.

"अठरा," मी म्हणालो. "अठरा पूर्णांक शून्य शून्य."

"मोजलं न्हवं?"

"मोजलं."

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाने मूळ प्रत न बघता "तपासलं" अशी सही करणं याला आमच्या धंद्यात एकच शिक्षा आहे, आणि ती मीच आजवर दोघांना सुचवली आहे. त्या रात्री झोप चांगली लागली. पुढच्या दोन रात्री तितकी नाही. डोळे मिटले की वेटोळ्याला वेटोळं टेकायचं आणि अण्णा रिक्षात बसायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मी सातवीच्या भूगोलाच्या मुद्रितांवर बसलो होतो. मोबाइलवर मिस्त्रींचा संदेश आला. ते इंग्रजी अक्षरांत लिहितात. दोनच शब्द होते: व्हॉल्व्ह मेले.

सवयीने मी आधी व्याकरण तपासलं. इंजिनात व्हॉल्व्ह दोन. पुल्लिंग, अनेकवचन, भूतकाळ. मेले. बॅटरी मरते, इंजिन मरतं, तसे व्हॉल्व्हही मरतात. वाक्य निर्दोष होतं. मग त्याचा अर्थ लागला. मिस्त्रींनी माझा आकडा धरून इंजिन बांधलं, फिरवलं, स्प्रिंग टेकली, कॅमने ढकललं आणि व्हॉल्व्ह वाकले. पिस्टनही गेला असेल. तेवढं लिहायला त्यांचं मन धजलं नसेल.

फोन केला, त्यांनी उचलला नाही. मेलेल्याच्या घरी आधी कळवायचं असतं, म्हणून मी गाळ्याकडे न जाता रिक्षाने जयनगरला गेलो.

अण्णा व्हरांड्यात गुडघ्यावर टॉवेल टाकून बसले होते. वहिनी शेजारी शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. लिफ्ट वाढवली, तुम्हाला न विचारता. लाल स्प्रिंग घेतली. मोजायला घरी आणली. मोजली नाही आणि मोजली म्हणून सांगितलं. आता व्हॉल्व्ह मेले. संदेशही दाखवला. अण्णांनी चष्मा नव्हता म्हणून तो वाचला नाही.

"रिंगा घातल्या का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, रिंगांचं ठाऊक नाही.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर घेऊन उठले. "चल. गेल्याचं तोंड तरी बघून येऊ."

"आल्यावर आंघोळ करायची का दोघांनी?" वहिनींनी शेंगांतून मान वर न काढता विचारलं. "तसं असेल तर बंब लावते."

जाताना रिक्षात अण्णांनी मोबाइल दोनदा खिशातून काढून परत ठेवला. मुलीला फोन कधी करायचा याचा विचार करत असावेत असं मला वाटलं. साउथ एंडच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, घरी कशाने मोजत होतास? मी म्हणालो, सोऱ्याने. आईच्या सोऱ्याने? हो, त्याच. ते बाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. रस्ता खराब आहे असं मी धरून चाललो.

मिस्त्री गाळ्याच्या पायरीवर बसून चहा पीत होते. अण्णांना बघून उठले, नमस्कार केला. मी सरळ विचारलं, पिस्टन वाचला का?

"पिस्टनला काय धाड भरली?"

"व्हॉल्व्ह मेले म्हणालात ना?"

"व्हय, मेले." त्यांनी चहाचा ग्लास धरलेल्या हाताने माळ्याकडे बोट केलं. "मेले. वर. कागदात गुंडाळून ठेवल्यात. मी जेवाय चाललो हुतो, तुमी आलासा तर गावावं म्हणून कळिवलं."

कानडीत "मेले" म्हणजे वर. हे मला कोणी शिकवावं लागत नाही. "पिठाचा डबा कपाट मेले हाय" असं बोलणाऱ्या घरात मी वाढलो. त्याच दिवशी सकाळी बायकोला चष्मा कुठे आहे हे मी याच शब्दाने सांगितलं होतं आणि तिने तो वरून काढून दिला होता. मिस्त्रींनी दिवसभर मार्केटशी कानडी बोलून त्याच तोंडाने मला दोन शब्द लिहिले, आणि मी ते मराठीत वाचले. दोन भाषांपैकी कोणत्या भाषेत वाचायचं याची निवड मला होती. माझ्या मनात जे होतं ते मराठीत होतं.

"मेलं असतं तर 'गेलं' म्हनलो असतो की, सर," मिस्त्री म्हणाले. "इंजिन म्हंजी काय कोंबडी हाय का?"

अण्णा आता उघडउघड हसत होते.

मिस्त्रींनी इंजिन बांधलंच नव्हतं. माझा आकडा त्यांनी फोनवर ऐकला तेव्हाच त्यांना तो पटला नव्हता. ते मला समजावत होते, पण बघत अण्णांकडे होते. मोजलेला आकडा असा शून्य शून्य येत नाही, मोजलेल्याला शेपूट असतं. म्हणून त्यांनी दुसरी लाल स्प्रिंग वाईसमध्ये धरून स्वतः मोजली. वाढवलेल्या लिफ्टला वेटोळ्यांत केसाएवढी फट उरत होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह इंजिनात न घालता माळ्यावर ठेवून दिले. मला का सांगितलं नाही, तर, "तुमी मोजलंय म्हनालासा. मोठ्या मानसाला खोटं कसं पाडायचं?" ते म्हणाले, आणि ते खरोखरच संकोचले होते. माझ्यापेक्षा जास्त.

मग त्यांनी जो प्रश्न मला पहिल्या दिवशी विचारला होता तो अण्णांना विचारला. अण्णा इंजिन किती फिरवतात?

"सिग्नल सुटला की मागचा हॉर्न देतो," अण्णा म्हणाले. "तो थांबेपर्यंत फिरवतो."

मिस्त्रींनी मान डोलावली. एका हातात माझा घासून आणलेला कॅम आणि दुसऱ्या हातात जुना, असे दोन्ही त्यांनी अण्णांसमोर धरले. पोटातला फरक जवळून बघितला तरच दिसत होता. एवढ्या फरकासाठी मी चार महिने वाचलं होतं. अण्णांनी चष्म्याशिवाय जुना ओळखला. जुना कॅम, साध्या स्प्रिंगा, नव्या रिंगा, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मी तिथे उभा राहून लाल स्प्रिंग पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळण्याचं काम शक्य तेवढं लांबवलं.

निघताना अण्णा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी जमलं नाही तर जमलं नाही म्हण. इंजिन उघडता येतं परत." हे वाक्य त्यांनी कुठल्याही वहीत लिहून ठेवलेलं नाही.

आठवड्याने गाडी तयार झाली. धूर बंद झाला. प्रदूषणाचं प्रमाणपत्र मिळालं आणि अण्णांनी त्याचा फोटो मुलीला पाठवला. तिने उत्तरात एक अंगठा पाठवला. तो नाखुशीचा होता असं वहिनींचं मत आहे, पण अंगठ्यावरून ते कसं कळलं हे त्यांनी सांगितलं नाही. दिलेला शब्द शाबूत होता, गाडी अण्णांची राहिली होती.

रविवारी सकाळी ते ती घेऊन आमच्या दारात आले. मागे बस, म्हणाले. मला ते क्षमेसारखं वाटलं आणि मी बसलो. इंजिनाचा आवाज मऊ होता, अगदी पूर्वीसारखा. चामराजपेटेतून आम्ही बसवनगुडीकडे निघालो. झाडांखाली गार होतं. मी पाठीमागून त्यांच्या कानाशी सांगत होतो की जुन्या कॅमलाही स्वतःचं एक शहाणपण असतं, कमी उचलणाऱ्यालाच परत येणं सोपं जातं. चढ सुरू झाला तसे अण्णांनी गाडी कडेला घेतली.

"उतर," ते म्हणाले. "वर भेटू."

नव्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत इंजिनावर ताण द्यायचा नाही असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे.